नावाजलेलं शहर की बदनाम शहर?

मिलानला जाऊ की नेपल्सला, असं कुणाला विचारलं तर उत्तर ऐकायच्या आधीच ठाऊक असतं. मिलान म्हणजे फॅशन, बँका, शिस्त. नेपल्स म्हणजे कामोरा या तिथल्या माफियाच्या टोळ्या, खिसेकापू आणि २००८च्या सुरुवातीला जगभरच्या टीव्हीवर दिसलेले रस्त्यातले कचऱ्याचे ढीग. फिरायला, शिकायला किंवा नोकरीला शहर निवडताना आपण असल्याच ऐकीव गोष्टींवर बऱ्यापैकी विसंबतो. म्हणून काही शहरं शेजारी शेजारी ठेवून पाहू. कुठलं नाव खरं, कुठलं शिळं आणि तुमच्या कामापुरतं त्यातलं काय घ्यावं?

मिलान आणि नेपल्स

‘इल सोले २४ ओरे’ हे इटलीतलं अर्थविषयक दैनिक दरवर्षी गृहखात्याच्या आकड्यांवरून प्रांतवार गुन्ह्यांची क्रमवारी छापतं. लोकसंख्येच्या मानाने सर्वांत जास्त तक्रारी जिथे नोंदवल्या जातात, त्या यादीत गेली काही वर्षं मिलान सगळ्यात वर आहे. रोम आणि फ्लॉरेन्स त्याच्या मागोमाग. नेपल्स या तिघांच्याही खाली.

मग मिलान जास्त धोक्याचं? इतकं सरळ नाही ते. मिलानमध्ये रोज प्रचंड संख्येने लोक बाहेरून येतात, कुणी कामाला, कुणी फिरायला. त्यांची पाकिटं मारली गेली की गुन्हा मिलानच्या खात्यावर चढतो, पण दर काढताना फक्त तिथल्या रहिवाशांची संख्या धरली जाते. शिवाय पोलिसांत जाऊन काहीतरी होईल असं जिथे लोकांना वाटतं, तिथे किरकोळ चोरीचीही तक्रार होते. आणि गुन्हे प्रकारवार वेगळे काढले, तर वाहनचोरी आणि जबरी चोरी यांत नेपल्स वरच्या क्रमांकांत दिसतंच.

चार दिवसांच्या पाहुण्यासाठी याचा अर्थ असा की नेपल्सला घाबरून जायचं टाळण्यात काही अर्थ नाही. जुन्या शहराला १९९५पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाचा दर्जा आहे आणि त्या गल्ल्या पायीच पाहायच्या असतात. फक्त भाड्याची गाडी घेऊ नका. उलट मिलानला उतरल्यावर स्टेशनातच खिसा सांभाळा. नोकरीसाठी जायचं असेल तर मात्र मिलानचं नाव खरं आहे, तिथे वाद नको. नेपल्स ज्या प्रदेशात आहे त्या कांपानियात बेरोजगारी देशात सर्वांत जास्त असलेल्या भागांत मोडते.

गंमत म्हणजे नेपल्सचा सगळ्यात मोठा धोका त्याच्या बदनामीत कुठेच येत नाही. शहराच्या पश्चिमेला कांपी फ्लेग्रेई हा ज्वालामुखीचा टापू आहे. तिथली जमीन हळूहळू वर उचलली जाते आणि पुन्हा खाली बसते. १९८०च्या दशकात पोत्सुओली गावातून हजारो लोकांना हलवावं लागलं होतं. मे २०२४मध्ये तिथे ४.४ तीव्रतेचा भूकंप झाला. धोक्याच्या लाल पट्ट्यात सुमारे पाच लाख लोक राहतात. वर्षभरासाठी घर शोधत असाल तर खिसेकापूंपेक्षा हा नकाशा आधी बघा.

माझं मत विचाराल तर बदनाम शहर माणसाला सहसा फसवत नाही, कारण तिथे जाणारा दहा जणांना विचारून जातो. नावाजलेल्या शहराची चौकशी कोण करतो? तिथे आपण डोळे मिटून जातो, आणि फटका बसतो तो तिथेच.

एडिंबरा आणि ग्लासगो

स्कॉटलंडमधली ही दोन शहरं एकमेकांपासून रेल्वेने तासाभराच्याही आत आहेत, पण त्यांच्या नावांत जमीन-अस्मानाचा फरक. एडिंबरा म्हणजे किल्ला, १९४७पासूनचा उन्हाळी महोत्सव, ‘उत्तरेचं अथेन्स’. ग्लासगो म्हणजे बंद पडलेल्या गोद्या, दारू आणि चाकू.

ग्लासगोची बदनामी अजिबात खोटी नव्हती. २००५मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांवरून त्याला युरोपातली खुनांची राजधानी म्हटलं गेलं. पण त्याच वर्षी तिथल्या पोलिसांनी हिंसा रोखण्यासाठी एक वेगळा विभाग काढला आणि चाकूबाजीकडे साथीच्या रोगासारखं पाहायला सुरुवात केली. कोण कुणाच्या संगतीने चाकू बाळगतो, पुढचा वार कुठे होणार, हे शोधायचं. टोळीतल्या पोरांना कोर्टात बोलावून एका बाजूला तुरुंगाची ताकीद द्यायची, दुसऱ्या बाजूला काम, शिक्षण, व्यसनमुक्तीची सोय समोर ठेवायची. शिक्षक, डॉक्टर, समाजसेवक सगळे त्यात होते. पुढच्या दहा-बारा वर्षांत खून इतके कमी झाले की २०१८मध्ये लंडनच्या महापौरांनी हीच पद्धत उचलायचं जाहीर केलं. तरीही ‘चाकूवालं शहर’ ही ओळख ग्लासगोला अजून चिकटलेली आहे.

आता एडिंबरा. १९८०च्या दशकात याच देखण्या शहराला युरोपातली एड्सची राजधानी म्हणत. हेरॉइन स्वस्त झालं होतं. पोलिसांनी सुया-सिरिंजांवर कडक धोरण धरलं, त्यामुळे एकच सुई अनेकांच्या हातांत फिरू लागली. शहराच्या उत्तरेकडच्या म्यूरहाउस भागातल्या एका दवाखान्याने सुईने हेरॉइन घेणाऱ्या रुग्णांची तपासणी केली, तेव्हा निम्म्यांना लागण झालेली निघाली. किल्ल्यापासून ही वस्ती काही मैलांवर. पण पोस्टकार्डावर किल्लाच छापला जातो, आणि एडिंबराचं नाव त्या दिवसांतही फारसं मळलं नाही.

दोन-तीन दिवसांसाठी जायचं असेल तर एडिंबरा. त्याचं नाव त्या दोन-तीन दिवसांपुरतं पुरेपूर खरं आहे. वर्षभर राहायचं असेल, विशेषतः विद्यार्थी असाल, तर मी ग्लासगो म्हणेन. भाडं कमी, संगीताची रेलचेल, आणि लोक आपणहून बोलायला येतात. मात्र ग्लासगोच्या नावातला एक काळा भाग अजूनही खरा आहे. तिथलं सरासरी आयुर्मान स्कॉटलंडमध्ये सर्वांत कमी आहे, आणि अमली पदार्थांमुळे होणारे मृत्यू इतके, की जानेवारी २०२५मध्ये ब्रिटनमधलं पहिलं अधिकृत देखरेख केंद्र तिथेच उघडावं लागलं, जिथे व्यसनी माणूस परिचारिकेच्या नजरेखाली टोचून घेतो. बाहेरून आलेल्या विद्यार्थ्याच्या वाट्याला यातलं थोडंच येतं. तिथेच गरिबीत जन्मलेल्याच्या वाट्याला बरंच.

व्हिएन्ना, म्हणजे क्रमवारीतलं शहर

राहण्यायोग्य शहरांच्या याद्यांत व्हिएन्ना वर्षानुवर्षं वर असतं. ‘इकॉनॉमिस्ट’च्या संशोधन विभागाच्या यादीत ते २०२२ ते २०२४ अशी सलग तीन वर्षं पहिलं होतं; २०२५मध्ये कोपनहेगनने ती जागा घेतली. ही यादी स्थैर्य, आरोग्यसेवा, संस्कृती आणि पर्यावरण, शिक्षण, पायाभूत सुविधा एवढंच मोजते. भाडं किती, घर मिळतं का, शेजारी बोलतो का, हे तिच्यात नाही. अशा याद्यांचा मूळ उपयोग होता तो कंपन्यांसाठी: परदेशी पाठवलेल्या अधिकाऱ्याला गैरसोयीचा भत्ता किती द्यायचा हे ठरवायला. ज्याचं घर कंपनी बघते आणि पोरांची फी कंपनी भरते, त्याच्या नजरेतून शहर कसं दिसतं, ते ही यादी सांगते. तुम्ही तो माणूस आहात का?

व्हिएन्नापुरतं बोलायचं तर यादीबाहेरची बाजूही बरीच भक्कम आहे. १९२०च्या दशकापासून नगरपालिका स्वतः घरं बांधत आली. १९३०मध्ये उभा राहिलेला कार्ल मार्क्स होफ तर किलोमीटरभर लांब आहे. आजही शहरातले जवळजवळ निम्मे लोक पालिकेच्या किंवा अनुदानित घरांत राहतात, त्यामुळे इतर युरोपीय राजधान्यांच्या मानाने भाडी आवाक्यात राहिली. पण पालिकेच्या घरासाठी आधी त्याच शहरात दोन वर्षं राहिल्याची नोंद लागते. नव्याने येणाऱ्याला पहिली काही वर्षं खासगी बाजारातच घर शोधावं लागतं.

आणि परदेशातून येऊन राहिलेल्यांना विचारून केलेल्या ‘इंटरनेशन्स’च्या पाहण्या बघा. त्यांत हेच व्हिएन्ना स्थानिक लोकांच्या आपलेपणाच्या बाबतीत तळाशी जातं. नळाचं पाणी, ट्राम, दवाखाने उत्तम. मित्र मिळायला वेळ लागतो. एकट्याने जाणार असाल तर हे आधीच धरून चला. कुटुंब घेऊन जाणार असाल तर बिनधास्त जा.

मेदेयीन: एकाच शहराची दोन नावं

कोलंबियातलं मेदेयीन मला या सगळ्यांत जास्त शिकवणारं वाटतं, कारण त्याला आधी पराकोटीची बदनामी मिळाली, मग पराकोटीचं कौतुक, आणि दोन्हींनी लोक फसले.

१९९१मध्ये तिथे दर लाख लोकांमागे सुमारे ३८० खून झाले. तिथल्या कोकेनच्या टोळीचा म्होरक्या पाब्लो एस्कोबार डिसेंबर १९९३मध्ये मारला गेला. पुढे मेट्रो आली (१९९५), डोंगरउतारावरच्या गरीब वस्त्यांना मेट्रोशी जोडणारी केबल कार आली (२००४), कोमुना १३ या वस्तीत उघड्यावरचे सरकते जिने बसले (२०११). २०१३मध्ये जगातलं सर्वांत कल्पक शहर म्हणून त्याचा गौरव झाला. गेल्या काही वर्षांत खुनांचं प्रमाण लाखामागे पंधराच्या आसपास किंवा त्याहून खाली आहे. यातलं काहीही खोटं नाही.

पण केबल कारने गुन्हेगारी संपवली, ही जी गोड गोष्ट सांगितली जाते, ती अर्धीच आहे. ऑक्टोबर २००२मध्ये लष्कराने कोमुना १३मध्ये ऑपरेशन ओरियोन नावाची कारवाई केली. तिच्या आगेमागे निमलष्करी टोळ्यांनी नेलेली माणसं परत आली नाहीत. राडारोडा टाकण्याच्या ज्या जागेत त्यांना पुरलं असं त्यांच्या आया वीसेक वर्षं सांगत होत्या, तिथे पहिले अवशेष डिसेंबर २०२४मध्ये सापडले. पर्यटक सरकत्या जिन्यांवर फोटो काढतात, त्याच डोंगरावर.

दुसरा फटका कौतुकानेच दिला. शहर सुधारलं म्हटल्यावर लॅपटॉप घेऊन कुठूनही काम करणारे परदेशी लोंढ्याने आले. एल पोब्लादो, लाउरेलेस या भागांत भाडी स्थानिकांच्या हाताबाहेर गेली. जानेवारी २०२४मध्ये अमेरिकेच्या दूतावासाने आपल्या नागरिकांना सावध केलं: आधीच्या नोव्हेंबर-डिसेंबरात मेदेयीनमध्ये आठ अमेरिकनांचे संशयास्पद मृत्यू झाले होते. त्यांतले अनेक प्रकार डेटिंग अॅपवरच्या ओळखी, गुंगीचं औषध आणि लुबाडणूक अशा धर्तीचे. जुन्या बदनामीच्या दिवसांत अनोळखी माणसाला कुणी घरी नेलं नसतं.

जायचं असेल तर जरूर जा, हवा वर्षभर सुखद असते. फक्त ‘आता तिथे काही होत नाही’ हे वाक्य गंभीरपणे घेऊ नका.

नाव कुणी पाडलं?

न्यूयॉर्कची बदनामी तर अक्षरशः छापून वाटली गेली. १९७५मध्ये शहराचं दिवाळं निघायची वेळ आली, पोलिसांची नोकरकपात ठरली. तेव्हा पोलिसांच्याच संघटनांनी कवटीचं चित्र असलेली ‘भीतीच्या शहरात स्वागत’ अशी पत्रकं काढली: संध्याकाळी सहानंतर पायी फिरू नका, भुयारी रेल्वेत बसू नका. गुन्हे तेव्हा खरेच वाढत होते, पण पत्रकामागचं कारण नोकऱ्या वाचवणं हे होतं. दोनच वर्षांनी राज्याने शहरावरच्या प्रेमाची जाहिरात मोहीम काढली, तीही पैशांसाठीच. आणि खुनांचा कळस यानंतर कितीतरी वर्षांनी आला. १९९०मध्ये २,२००च्या वर. २०१७मध्ये ३००च्या आत. म्हणजे पत्रक आणि जाहिरात या दोन्हींपैकी एकाचाही आकड्यांशी मेळ बसत नाही.

हवामानाच्या बदनामीचं तर विचारूच नका. पावसाळी म्हणून कुप्रसिद्ध लंडनमध्ये वर्षाला सुमारे ६०० मिलिमीटर पाऊस पडतो, रोमपेक्षा आणि न्यूयॉर्कपेक्षाही कमी. मात्र तो रिपरिप चालतो आणि आभाळ भरून राहतं. छत्री लागतेच.

व्हेनिसबद्दल एवढंच की त्याचं सौंदर्य जितकं सांगतात तितकं खरं आहे. अडचण तीच. १९५१मध्ये जुन्या बेटांवर पावणेदोन लाख लोक राहत, २०२२मध्ये ते ५० हजारांच्या खाली गेले. एप्रिल २०२४पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी फक्त दिवसापुरतं येणाऱ्याला प्रवेशशुल्क भरावं लागतं. रात्रीचा मुक्काम करा, हिवाळ्यात करा, नाहीतर गर्दीच पाहून परत याल.

डेट्रॉइट याच्या अगदी उलटं. १९५०मध्ये साडेअठरा लाखांचं शहर, २०२०मध्ये साडेसहा लाखांच्याही खाली, २०१३मध्ये दिवाळखोरी. ओसाड इमारतींचे फोटो एवढे पाहिलेत की तिथे माणसं राहतात हेच विसरायला होतं. पण २०२४मध्ये तिथे २०३ खून झाले, १९६५नंतरचा तोवरचा सर्वांत कमी आकडा. तीस वर्षांहून जास्त काळ पडीक असलेलं मिशिगन सेंट्रल स्टेशन त्याच वर्षी पुन्हा उघडलं. लोकसंख्याही थोडी वाढू लागली आहे. तरी २०३ म्हणजे लाखामागे तीसच्या वर, मेदेयीनच्या दुपटीने. स्वस्त घर बघून तिथे स्थायिक व्हायचा विचार असेल, तर किमतीआधी गाडीच्या विम्याचा हप्ता विचारून घ्या. तो अमेरिकेतल्या सर्वांत चढ्या हप्त्यांपैकी आहे.