सिस्टमरेस्क्यू वापरून बघितलं: बूट न होणाऱ्या लिनक्ससाठी कायम जवळ ठेवावा असा पेनड्राइव्ह

लिनक्सचं मशिन बूट होईना म्हटलं की बहुतेक दुकानांत एकच उत्तर मिळतं, फॉरमॅट मारून विंडोज टाकून देतो. आमच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयाच्या मशिनबद्दल पण तेच सांगितलं गेलं, वर हार्डडिस्क गेलीय असंही सांगितलं. आणि त्या डिस्कवर वाचनालयाचं सगळं कोहा होतं, म्हणजे पुस्तकांच्या नोंदी, सभासद, वर्गणी, कोणाकडे कुठलं पुस्तक आहे ते सगळं. डिस्कला काहीही झालेलं नव्हतं. हे ज्याच्यामुळे कळलं आणि मशिन ज्याच्यामुळे परत उभं राहिलं त्या सिस्टमरेस्क्यूचा हा रिव्ह्यू.

आधी थोडक्यात काय आहे ते. पेनड्राइव्हवरून चालणारं पूर्ण लिनक्स आहे, फुकट, ओपन सोर्स, मशिनवर काही इन्स्टॉल करायचं नाही. पूर्वी ह्याचं नाव सिस्टमरेस्क्यूसीडी होतं आणि ते जेंटू नावाच्या लिनक्सवर बांधलेलं असायचं, २०१९ मधे सहाव्या व्हर्जनपासून आर्च लिनक्सवर आलं आणि नंतर नावातली सीडी पण गेली. आत जीपार्टेड, टेस्टडिस्क, डीडीरेस्क्यू, स्मार्टसीटीएल (ही सगळी डिस्क तपासायची, पार्टिशनं सांभाळायची आणि डेटा वाचवायची टूल), फायरफॉक्स, सगळं आधीच भरलेलं असतं त्यामुळे ऐनवेळी नेट नसलं तरी अडत नाही, आणि छोट्या गावात हे फार महत्त्वाचं आहे.

आता वाचनालयातला प्रकार. मशिन साधं असेंबल केलेलं, त्यावर डेबियन १२ (लिनक्सचाच एक प्रकार) आणि कोहा. (कोहा म्हणजे वाचनालयांसाठीचं मोफत सॉफ्टवेअर, न्यूझीलंडच्या एका ग्रंथालयात २००० साली पहिल्यांदा सुरू झालं, आज जगभर वापरतात, आणि ते बसवायचं तर डेबियनवरच सगळ्यात सोपं जातं.) मदरबोर्डवरची बॅटरी संपली, ती गोल सीआर२०३२ असते ना तीच, रोज चालू करताना तारीख चुकायला लागली म्हणून बदलून घेतली आणि बदलल्यावर स्क्रीनवर एकच ओळ, बूट करण्यासारखं डिव्हाइस सापडत नाही. ग्रंथपाल ताईंचा जीव टांगणीला लागला होता, कारण रजिस्टर लिहिणं कधीच बंद झालेलं आणि दारात पुस्तकं परत करायला आलेली माणसं उभी.

मला सिस्टमरेस्क्यूचं सगळ्यात जास्त काय आवडतं तर ते तुम्हाला घाई करायला लावत नाही. चालू झालं की गप्प उभं राहतं, डिस्कला स्वतःहून हात लावत नाही, काही दुरुस्त करू का म्हणून विचारत पण नाही. तुम्ही आधी बघा, खात्री करा, मग काय करायचं ते करा. बिघडलेल्या मशिनवर निम्मं नुकसान बिघाडाने होतं आणि निम्मं नंतरच्या घाईने होतं असं माझं ठाम मत आहे, आणि डेटा असलेल्या डिस्कवर तर पहिला नियमच हा की आधी वाचायचं, लिहायचं नंतर.

म्हणून पहिल्यांदा स्मार्टसीटीएलने डिस्कची तब्येत बघितली. ह्यात भरमसाट आकडे येतात, सगळे वाचायची गरज नाही, रीअलोकेटेड सेक्टर आणि करंट पेंडिंग सेक्टर ह्या दोन ओळींच्या शेवटचा आकडा बघायचा. दोन्हीकडे शून्य होतं. म्हणजे 'हार्डडिस्क गेली' ह्याला काही आधार दिसत नव्हता. पेंडिंगचा आकडा वाढत असता तर मी दुरुस्तीच्या भानगडीत न पडता आधी डीडीरेस्क्यूने दुसऱ्या डिस्कवर अख्खी कॉपी काढली असती. हे टूल वाचता येणारा भाग आधी उचलतं, खराब भागाशी झटापट शेवटी करतं आणि कुठपर्यंत आलो ते एका फाइलमधे लिहून ठेवतं, त्यामुळे मधे लाईट गेली तरी पुढून सुरू करता येतं. मग एलएसबीएलके ही कमांड मारून पार्टिशनं बघितली, सगळी जागच्या जागी, रूट पार्टिशन (ज्यावर मुख्य सिस्टम असते ते) रीड-ओन्ली माउंट केलं, म्हणजे फक्त वाचण्यापुरतं उघडलं, तर आतल्या फाइली व्यवस्थित दिसत होत्या. हे दिसल्यावर ताईंना सांगितलं की तुमचा डेटा आहे, कुठे गेलेला नाही, आणि मग पुढचं काम शांतपणे करता आलं.

मग बूट का होत नव्हतं? यूईएफआयच्या (म्हणजे नव्या पद्धतीच्या बायोसच्या) मशिनमधे कुठल्या डिस्कवरची कुठली फाइल चालवायची ह्याची नोंद मदरबोर्डच्या स्वतःच्या मेमरीत असते. डेबियन आपली बूटची फाइल बूटसाठीच्या ईएफआय पार्टिशनमधे डेबियन नावाच्या फोल्डरात ठेवतं आणि तिचा पत्ता त्या मेमरीत लिहितं. काही बोर्डांवर बायोस रिसेट झालं की ती नोंद उडते. पुस्तक कपाटात जागेवर आहे पण कॅटलॉगमधलं त्याचं कार्ड हरवलंय, अगदी तसं. नोंद नसली की बोर्ड एका ठरलेल्या फोल्डरात ठरलेल्या नावाची फाइल शोधतो, आणि डेबियन तिथे आपणहून काही ठेवत नाही, इन्स्टॉलर ते फार तर विचारतो आणि नाही म्हटलं की विषय संपला. उबुंटू मात्र ठेवतं, म्हणून उबुंटूच्या मशिनवर असं झालं तर ते बऱ्याचदा आपोआप सावरतं आणि डेबियनचं अडून बसतं.

इथे सिस्टमरेस्क्यूची जी सोय कामाला आली ती त्याच्या बूट मेनूतच आहे आणि बऱ्याच जणांचं तिकडे लक्ष जात नाही. डिस्कवर बसवलेलं लिनक्स बूट करा अशा अर्थाची एक ओळ आहे, तिला फाइंडरूट म्हणतात. ती निवडली की कर्नल (लिनक्सचा गाभा) पेनड्राइव्हवरचं चालतं पण सिस्टम तुमची स्वतःची उघडते, म्हणजे ग्रब (लिनक्स चालू करून देणारा बूटलोडर) बिघडलेलं असो की कर्नल की इनिट्रामएफएस (कर्नलसोबत सुरुवातीला लोड होणारी फाइल), हे सगळं बाजूला ठेवून आपण थेट आपल्या घरात. एलव्हीएम (डिस्कची जागा वाटायची लिनक्सची एक पद्धत) आणि एन्क्रिप्टेड डिस्क पण ते ओळखतं, फक्त पासवर्ड द्यावा लागतो. कर्नल परकं असल्यामुळे वायफाय, साउंड असल्या गोष्टी चालतीलच असं नाही, पण वाचनालयात मारियाडीबी (कोहाचा डेटाबेस) चालू झालं, कोहा चालू झालं, ताईंनी स्वतः लॉगिन करून सभासदांची यादी उघडून बघितली. लगेच कोहा-डंप चालवून पूर्ण बॅकअप काढला आणि मग पेनड्राइव्हवरून साध्या मोडमधे परत येऊन तो एक्स्टर्नल डिस्कवर उतरवला. हे झाल्याशिवाय दुरुस्तीला हात लावायचा नाही असं आधीच ठरलं होतं.

एक गोष्ट फाइंडरूटच्या वेळी लक्षात ठेवा, मशिनची तारीख आधी बायोसमधे जाऊन बरोबर करून घ्या. बॅटरी बदलल्यावर घड्याळ कुठल्यातरी जुन्या वर्षात गेलेलं असतं आणि नेट नसेल तर ते तसंच राहतं, आणि तशात कोणी पुस्तक इश्यू केलं तर परतीची तारीख पण त्याच जुन्या वर्षातली पडते.

दुरुस्ती खरं तर छोटी आहे. रूट पार्टिशन माउंट करायचं, त्याच्या आत बूटखालच्या ईएफआय फोल्डरवर ईएफआय पार्टिशन माउंट करायचं, डेव्ह, प्रॉक, सिस आणि रन हे चार फोल्डर आत जोडायचे, आणि सीएचरूट करून आपल्या डेबियनमधे शिरायचं. मग ग्रब-इन्स्टॉल, त्यानंतर अपडेट-ग्रब. डेबियनच्या ग्रब-इन्स्टॉलला फोर्स-एक्स्ट्रा-रिमूव्हेबल असा एक पर्याय आहे, तो आवर्जून द्या, त्याने ती ठरलेल्या नावाची फाइल पण लिहिली जाते आणि पुढच्या वेळी बोर्डाची मेमरी कोरी झाली तरी मशिन चालू होतं. शेवटी ईएफआयबूटएमजीआर मारून यादीत डेबियन दिसतंय ना बघायचं, मग रीस्टार्ट. झालं चालू.

ह्यात एक ठिकाण असं आहे जिथे भले भले अडकतात म्हणून जरा सविस्तर सांगतो. मशिनच्या बूट मेनूत तोच पेनड्राइव्ह कधीकधी दोनदा दिसतो, एकदा नुसता आणि एकदा नावाआधी यूईएफआय लावून. यूईएफआयवाला निवडायचा. नुसता निवडला तर पेनड्राइव्ह जुन्या लेगसी पद्धतीने चालू होतो, सगळं नेहमीसारखं दिसतं, पण बोर्डाच्या मेमरीत लिहायचा रस्ताच बंद असतो आणि ग्रब-इन्स्टॉल एरर देतं, माणूस मग तासभर भलतीकडेच शोधत बसतो. सिस फोल्डरच्या आत फर्मवेअर आणि त्याच्या आत ईएफआय असं फोल्डर दिसलं तर बरोबर मोडमधे आहात, नसलं तर रीस्टार्ट करून परत निवडा.

आता न आवडलेलं. सिक्युअर बूट (फक्त मान्यताप्राप्त सही असलेलीच सिस्टम चालू देणारी सोय) चालू असेल तर हा पेनड्राइव्ह चालत नाही, बायोसमधे जाऊन ते बंद करावं लागतं, आणि ज्याने कधी बायोस उघडलेलंच नाही त्याच्यासाठी ही पहिलीच पायरी मोठी आहे. (काम झाल्यावर परत चालू करता येतं, डेबियनला १० व्या व्हर्जनपासून सिक्युअर बूट चालतं.) चालू झाल्यावर समोर काळा स्क्रीन आणि नुसता प्रॉम्प्ट, स्टार्टएक्स टाइप केलं की एक्सएफसीई डेस्कटॉप येतो, पण हे माहीत नसलेला माणूस तिथेच घाबरतो. फायरवॉल आधीपासून चालू असते, त्यामुळे दुसऱ्या मशिनवरून एसएसएचने शिरायचं असेल तर बूट करतानाच नोफायरवॉल द्यावं लागतं. आत्ताची व्हर्जन ६४ बिटचीच आहेत, खूप जुनी मशिनं असतील तर दुसरं काही बघा. आणि मदतीची पानं चांगली लिहिलेली असली तरी इंग्रजीत आहेत, गावातल्या शाळेत किंवा वाचनालयात लिनक्स सांभाळणाऱ्या माणसाला त्याचा त्रास होतो, हे मी जवळून बघितलंय.

बाकी पर्यायांबद्दल. बूट-रिपेअर हे उबुंटू-मिंटवाल्यांमधे प्रसिद्ध आहे, एक बटण दाबलं की ग्रब परत बसवतं, टर्मिनलची भीती असेल आणि खात्रीने फक्त ग्रबचाच प्रश्न असेल तर चांगलं आहे. पण ते नक्की काय करणार हे न समजता बटण दाबायला मला आवडत नाही, निदान त्याचा जो रिपोर्ट बनतो तो आधी वाचा, तो खरोखर उपयोगी असतो. सुपर ग्रब२ डिस्क खूप लहान आहे, डिस्कवरच्या सिस्टम शोधून नुसतं बूट करून देते, आत शिरायचं एवढंच हवं असेल तर पुरे. आणि डेबियनच असेल तर इन्स्टॉलरच्या पेनड्राइव्हमधेच रेस्क्यू मोड असतो, त्यात ग्रब परत बसवायचं आणि रिमूव्हेबल पाथवर (म्हणजे वर सांगितलेल्या ठरलेल्या फोल्डरात) पण टाकायचं असे दोन्ही पर्याय मेनूत मिळतात. वाचनालयाचं काम त्याने पण झालं असतं हे प्रामाणिकपणे सांगतो. पण डिस्क ठीक आहे का, बॅकअप कसा काढायचा, डेटाबेस उघडतोय का, ह्या प्रश्नांची उत्तरं तिथे इतक्या सहज मिळाली नसती, आणि माझ्या लेखी खरे प्रश्न ते होते, ग्रब नव्हतं.

पेनड्राइव्ह बनवायचा तर विंडोजवर रुफस वापरा, आयएसओ फाइल उतरवल्यावर चेकसम (फाइल जशीच्या तशी आलीय का ते पडताळायचा कोड) जुळवून बघा, कारण अर्धवट उतरलेली फाइल मधेच कुठेतरी अडकते आणि बिघाड मशिनमधेच आहे असं वाटत राहतं. रॅम पुरेशी असेल तर बूट मेनूत सगळं रॅममधे कॉपी करायचा पर्याय आहे तो घ्या, मग पेनड्राइव्ह काढून घेता येतो आणि ती यूएसबीची जागा बॅकअपच्या डिस्कला मिळते. बीटीआरएफएस फाइलसिस्टमवाल्यांनी रूट माउंट करताना सबव्हॉल्यूमचं नाव द्यायला विसरू नका, उबुंटू, मिंटमधे ते बहुतेक ॲटच्या चिन्हाने असतं, नाहीतर माउंट केल्यावर फोल्डर भलतेच दिसतात. कोणाचं एन्क्रिप्टेड डिस्कवर अडलं असेल तर कमेंटमधे एलएसबीएलकेचं आउटपुट टाका, पासवर्ड टाकू नका, बघून सांगतो.