रिकव्हरी ड्राइव्ह की मीडिया क्रिएशन टूल? घरच्या पीसीसाठी काय करून ठेवाल

गोव्यात जून लागला की लाइट येते-जाते, आणि विंडोजचं अपडेट चालू असतानाच गेली तर डेस्कटॉप परत उठेलच याची खात्री नाही, म्हणून घरात एक बूट होणारा पेनड्राइव्ह (म्हणजे ज्यावरून पीसी सुरू करता येतो असा) हवाच हो.

विंडोजमधलाच रिकव्हरी ड्राइव्ह केलात तर तुमच्याच मशीनच्या सिस्टीम फाइल्स त्यात जातात (बनवताना सिस्टीम फाइल्सच्या बॅकअपची टिक काढू नका, नाहीतर त्या ड्राइव्हवरून विंडोज परत टाकता येत नाही), पण विंडोज 11 ला 32 जीबीचा पेनड्राइव्ह धरा, बनायला वेळ भरपूर लागतो, आणि मुख्य म्हणजे पीसी चालू असतानाच करायचा.

मीडिया क्रिएशन टूलला (विंडोज इन्स्टॉल करायचा पेनड्राइव्ह बनवणारं मायक्रोसॉफ्टचं टूल) 8 जीबी पुरतो, पीसी आधीच मेला असेल तर म्हापशाच्या मावशीकडच्या लॅपटॉपवरही बनवता येतो, दुरुस्तीचे ऑप्शन त्यातही आहेत, फक्त नेट चांगलं पाहिजे कारण काही जीबी डाउनलोड होतं.

मी तर दुसराच करा म्हणेन, बहुतेक पीसींना चालतो. पेनड्राइव्ह दोन्हींत पूर्ण पुसला जातो, आणि तुमचे फोटो दोन्हींत येत नाहीत, ते वेगळे ठेवा. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारं विंडोजचं फीचर) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आजच कागदावर उतरवून घ्या, प्लीज.