नळ कुठे आहे? जुन्या बोटीच्या इंजिनाचा आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या दसऱ्यानंतर १८ फुटांची फायबरची बोट घेतली, वापरलेली. मागे ६० हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेर टांगलेलं इंजिन. मालवणजवळ देवबागला आमचं घर आहे आणि पाहुण्यांसाठी दोन खोल्या. त्यांना कर्लीच्या खाडीतून ती समुद्राला मिळते त्या संगमापर्यंत न्यायचं आणि समुद्र शांत असला तर बाहेर डॉल्फिन दाखवायचे, एवढाच बेत. बोट साडेचार लाखांना पडली. मे महिन्यात वर ओढेपर्यंत साधारण १४० तास चालवली आणि तेवढ्यात इंजिनावर आणखी ८५ हजार गेले. त्यातले निम्मे तरी बघायला गेलो त्या दिवशीच वाचले असते.

बोट होती वर उत्तरेला एका खाडीत. इंजिन चकाचक, काळा रंग नवा कोरा. मालकाने माडाखाली पाण्याचा पाइप लावून सुरू करून दाखवलं, पहिल्या झटक्यात. डॅशवरचं मीटर २४० तास दाखवत होतं. मी खूश. इंजिन आधीच गरम करून ठेवलं होतं का, हे बघायला कव्हरवर हात ठेवायचंही सुचलं नाही. आणि तो पाइप शेजारच्या घरातून वाडीतून ओढत आणला होता, धक्क्यावर नळच नव्हता, हे डोळ्यांना दिसूनही डोक्यात शिरलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात संगमाजवळ अलार्म वाजायला लागला. बोटीत कोल्हापूरचं एक कुटुंब, आजींसकट सहा जण. थ्रॉटल कितीही पुढे ढकला, इंजिन २००० आरपीएमच्या वर जाईना. आउटबोर्ड तापलं की स्वतःला वाचवायला असं करतं, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. मागे पाहिलं तर इंजिन थंड करून बाहेर पडणारी पाण्याची धार, जी करंगळीएवढी जोरात उडायला हवी, ती ठिबकत होती. इंजिन बंद केलं. सुकती, म्हणजे ओहोटी, लागलेली, बोट समुद्राच्या दिशेने सरकायला लागली, तेव्हा नांगर टाकला. ओळखीच्या एका होडीने दोर टाकून परत आणलं. आजी शेवटपर्यंत रामरक्षा म्हणत होत्या.

आमचे मेस्त्री जुने, टू-स्ट्रोकच्या जमान्यातले. आल्याबरोबर पहिला प्रश्न, "इंजिन मुतता मां नीट?" पाण्याच्या धारेबद्दल इथे असंच विचारतात. खालचा पाय, म्हणजे गिअरचा भाग, उतरवायला घेतला आणि खरी कथा तिथे सुरू झाली. बोल्ट सुटेनात. स्टीलचा बोल्ट आणि अ‍ॅल्युमिनियमचं अंग, मध्ये खारं पाणी, म्हणजे दोन धातू मिठाने एकमेकांना चिकटवल्यासारखे. गंज सोडवायचं तेल मारून रात्रभर ठेवलं, सकाळी गरम हवा दिली, तरी दोन बोल्ट मान मोडून आतच राहिले. ते ड्रिल करून काढण्यात अर्धा दिवस गेला.

आत इम्पेलरच्या दोन पाकळ्या गायब. इम्पेलर म्हणजे रबराचं पंख्यासारखं चक्र, तेच समुद्राचं पाणी वर खेचून इंजिन थंड ठेवतं. आमच्याकडे खाडीत रेती फार, त्यामुळे ते वर्षाला बदलायचंच, चांगलं दिसलं तरी. इथे एक गोष्ट शिकलो. तुटलेले तुकडे मोजायचे. एक तुकडा पंपातच सापडला, दुसरा वरच्या नळीत अडकलेला. तो तसाच राहिला असता तर नवीन इम्पेलर घालूनही इंजिन तापतच राहिलं असतं.

मग थर्मोस्टॅट, म्हणजे पाण्याची वाट उघडबंद करून इंजिनाचं तापमान सांभाळणारी झडप. झाकण उघडल्यावर तो दिसेचना, त्या जागी राखाडी-पांढरा खडा. स्क्रूड्रायव्हरने टोकरला तर कडेकडेने मिठाच्या खपल्या निघाल्या, जुन्या लोणच्याच्या बरणीच्या तोंडाशी साठतात तशा. साफ करून चहाच्या पातेल्यात घातला. (ते पातेलं परत घरात घेतलं गेलं नाही.) पाणी ६० अंशांच्या आसपास गेलं की झडप उघडायला हवी. पाणी खदखदायला लागलं तरी आमची ढिम्म. थोडक्यात, हे इंजिन गोड्या पाण्याने धुतलंच जात नव्हतं. किनाऱ्यावर नळ नसलेला माणूस रोज संध्याकाळी कुठलं धुणार?

नवा रंग का होता, तेही कळलं. पायावर एक जस्ताचा ठोकळा असतो, अ‍ॅनोड. खाऱ्या पाण्यात तो आधी झिजतो आणि बाकीचं अ‍ॅल्युमिनियम वाचतं. अर्धा झिजला की बदलायचा. रंगाच्या हौशीत तोही रंगवला होता, म्हणजे त्याचं कामच बंद. मेस्त्री कपाळाला हात लावून म्हणाले, "ह्या झिजाक लावतत, आणि हेनी ह्येका रंग मारल्यानी!" रंगाखाली नखाएवढे फोड होते, फोडले की आत पांढरी भुकटी.

गिअर ऑइल ताकासारखं पांढरट निघालं. म्हणजे सीलमधून पाणी आत. बोट पुढे ढकलणाऱ्या पंख्यामागे शाफ्टवर तंगूस, म्हणजे मासेमारीचा नायलॉनचा दोरा, गुंडाळलेला होता, त्यानेच सील कापलं. आता महिन्याला एकदा पंखा काढून बघतो, दहा मिनिटांचं काम आहे.

पुढे कुडाळहून लॅपटॉपवाला मुलगा बोलावून इंजिनाचा कॉम्प्युटर वाचला. २४० कसले, ११०० च्या वर तास. डॅशवरचं मीटर बदलता येतं, आतलं सहसा कोणी छेडत नाही, आणि किती तास कुठल्या आरपीएमवर चालवलं तेही त्यात कळतं. राग आला, पण खरं सांगू का, ११०० तासांचं मला आता काही वाटत नाही. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासलं तर चारही सिलिंडर एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत. नीट धुतलेलं ११०० तासांचं इंजिन मी न धुतलेल्या २४० वाल्यापेक्षा आधी घेईन.

कागदपत्रांवर फार लिहीत नाही. इंजिनावरचा नंबर आणि कागदावरचा नंबर स्वतः ताडून बघा आणि प्रवासी न्यायचे असतील तर मेरीटाइम बोर्डाची नोंदणी आणि सर्व्हे आधी. बोटीचा मागचा फळा, जिथे इंजिन टांगतात, तो मात्र ठोकून बघाच. फायबरच्या आत प्लायवूड असतं, कुजलं असेल तर आवाज बद्द येतो. आमचा सुदैवाने खणखणीत निघाला.

दुरुस्तीनंतर बोट गुणी आहे. आवाज इतका कमी की पाहुणे गप्पा मारत येतात, आणि शेजाऱ्याच्या ४० च्या टू-स्ट्रोकपेक्षा पेट्रोल कमी खाते. पेट्रोलचं एक दुखणं आहे. हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल ओलावा ओढून घेतं आणि आपल्या दमट हवेत ते टाकीच्या तळाशी पाण्यासकट वेगळं होतं. म्हणून पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवला आणि पावसाळ्याआधी टाकी रिकामी केली.

धुण्याचं म्हणाल तर २०० लिटरचा पिंप वरून कापून घेतलाय. पाय त्यात बुडवायचा, पाणी आत ओढायच्या जाळ्या बुडाल्या पाहिजेत, आणि न्यूट्रलला दहा-पंधरा मिनिटं चालवायचं. एप्रिल-मेमध्ये विहीर खाली जाते, पाणी मचूळ लागतं, आणि घरात प्रश्न येतो की पाहुण्यांच्या आंघोळी की इंजिनाची. मचूळही समुद्रापेक्षा बरं, म्हणून माझं चालतं.

नारळी पौर्णिमेनंतर एका मित्राला बोट घ्यायची होती, मेस्त्रींना घेऊन तिघे गेलो. इंजिनाचा रंग ठिकठिकाणी उडालेला, स्टिकर अर्धे गेलेले. मेस्त्री इंजिनाकडे गेलेच नाहीत. इकडेतिकडे बघून मालकाला विचारलं, "नळ खय आसा?" त्याने दाखवला. नळाखाली कापलेला पिंप, आतून शेवाळाने हिरवा झालेला. मग मेस्त्रींनी पायाच्या एका बोल्टला पाना लावला. टक् करून फिरला, बाहेर आला तो ग्रीसमध्ये माखलेला. मित्र म्हणाला, रंग फारच खराब आहे हो, निदान वीस हजार तरी... मेस्त्रींनी त्याच्या पायावर पाय दिला.