२०० लिटरचा नळ्यांचा सोलर: नागपूरच्या गच्चीवर कसा टिकतो

चार-पाच माणसांच्या घरात उन्हावर पाणी तापवणारा बहुधा हाच सोलर बसवतात: २०० लिटरची टाकी, ५८ मिलिमीटर जाडीच्या, १८०० मिलिमीटर लांबीच्या २० काचेच्या नळ्या. पंप नाही, मोटर नाही. नळीतलं पाणी तापून हलकं झालं की टाकीत चढतं, गार पाणी त्याच्या जागी उतरतं. पाणी तापवण्याच्या कामात याला पैकीच्या पैकी मार्क. डिसेंबर-जानेवारीत नागपूरच्या रात्री कितीही गार असोत, दिवसा आभाळ स्वच्छ असलं की संध्याकाळी अंघोळीला कडकडीत पाणी मिळतं. १०० लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर न्यायला गिझरला साडेचार युनिटांच्या वर वीज लागते, यावरून बचतीचा हिशोब करून पाहा.

खरी परीक्षा मात्र एप्रिल-मेमध्ये होते. पारा ४५च्या आसपास असतो, गच्चीवरच्या साध्या टाकीचं पाणीच चटका देतं, मग सोलरचा नळ कोणी उघडत नाही. न वापरलेलं पाणी उकळीला येतं, एअर व्हेंटमधून, म्हणजे सोलरच्या टाकीवरच्या उघड्या उभ्या पाइपातून, वाफ जात राहते आणि नळ्यांच्या तोंडाची रबरी गॅस्केटं कडक पडतात. त्यात लोक सुट्टीत घर बंद करून गावाला जातात. गार पाण्याची लाइन घरातल्या इतर नळांशी जोडलेली असली तर वरची गार पाण्याची टाकी रिकामी होताच सोलरचं पाणी त्याच लाइनने उलटं खाली उतरतं. नळ्यांत उरलेलं पाणी काही दिवसांत उडून जातं आणि कोरड्या नळीचं आतलं तापमान २०० अंशांच्या वर पोहोचतं. परत आल्यावर भर दुपारी व्हॉल्व उघडला की नळ्या तडकतात. दोष नळीच्या दर्जाचा नसतो, जोडणीचा असतो.

म्हणून गार पाण्याची लाइन थेट वरच्या गार टाकीतून, स्वतंत्रच हवी. प्लंबर पाइप वाचवायला बघतो, तिथे अडून बसा. एप्रिलच्या मध्यापासून पाऊस लागेपर्यंत अर्ध्या नळ्यांवर दुहेरी हिरवी जाळी टाका, घर बंद राहणार असेल तर सगळ्याच झाका. कोरड्या नळ्यांत पाणी भरायचं ते पहाटे, ऊन चढण्याआधी.

गार पाण्याच्या टाकीचा तळ सोलरच्या टाकीच्या माथ्यापेक्षा उंच असावा. व्हेंटचं तोंड त्या गार टाकीतल्या पाण्याच्या पातळीच्याही वर घ्या आणि त्याला बूच कधीच लावू नका. गरम लाइन सीपीव्हीसीची घ्या, पीव्हीसी इतकी उष्णता सोसत नाही. तिच्यावर इन्सुलेशन हवंच. पाऊण इंची पाइप २० मीटर लांब असला की त्यात सुमारे ५ लिटर पाणी असतं, आणि दर सकाळी तेवढं गार पाणी आधी सोडावं लागतं. शक्य असेल तर सोलर न्हाणीघराच्या वरच बसवा.

नळ्यांचं तोंड दक्षिणेकडे, उतार साधारण ३० ते ३५ अंश. नागपुरात २२ डिसेंबरला भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४५ अंशांवर असतो, म्हणजे आडोसा जेवढा उंच तेवढीच त्याची सावली लांब. सकाळी तर त्याहून कितीतरी लांब. दक्षिणेला शेजारची इमारत चढलेली असेल तर जागा डिसेंबरातच पाहून ठरवा, मे महिन्यात पाहिलेली जागा फसवते.

पेंच-कन्हानचं महापालिकेचं पाणी असेल तर तांब्याच्या नळ्यांचा प्लेटवाला सोलरही उत्तम चालतो. बेसा-हुडकेश्वरकडच्या ज्या घरांत बोअरचं जड पाणी आहे, तिथे तो घेऊ नये. त्याच्या बारीक नळ्या क्षारांनी बुजतात. काचेच्या नळीत क्षार तळाशी बसतात, काढून धुता येतात. बोअरच्या पाण्यासाठी टाकी आतून काचेचा लेप दिलेली घ्या, आत मॅग्नेशियमचा दांडा (टाकीऐवजी तो झिजतो) आहे का विचारा, तो वर्षाला उघडून बघा आणि झिजला असेल तर बदला. दर तीन महिन्यांनी ड्रेन उघडून गाळ सोडा.

दुकानात पहिला प्रश्न क्षमतेचा. एका नळीत अंदाजे पावणेतीन लिटर पाणी मावतं, म्हणजे २० नळ्यांत ५० लिटरच्या वर. हे धरून २०० लिटर सांगत असतील तर टाकी दीडशेचीच आहे. नळीचं बंद टोक चंदेरी असावं, पांढरं पडलं असेल तर नळीच्या दोन काचांमधला निर्वात गेला, ती नळी परत करा. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान छतावरच्या वीज पॅनलला आहे, पाणी तापवणाऱ्या सोलरला नाही. त्याचं नाव घेऊन किंमत सांगितली तर लगेच हे बोलून दाखवा.

टाकीतल्या २ किलोवॅटच्या हीटरसाठी जादा पैसे देऊ नयेत असं आमचं मत. जुलै-ऑगस्टच्या झडीत तो दोन बादल्यांसाठी अख्खी टाकी तापवत बसतो. जुना गिझरच एका न्हाणीघरात राहू द्या.

एखादी नळी फुटली तर आधी गार लाइन बंद करून टाकी रिकामी करावी लागते. नवी नळी गॅस्केटात साबणाचं पाणी लावून फिरवत फिरवत बसवतात. तेल किंवा ग्रीस लावू देऊ नका, रबर फुगतं आणि महिन्याभरात पाणी गळायला लागतं.