लिनक्सवर लॅपटॉपमधलं सिम: सात महिन्यांनंतर

मे महिन्यात सेकंडहँड लॅपटॉप घेतला, तो मुख्यतः त्यात सिम टाकायची सोय होती म्हणून. आमच्या दापोलीकडच्या वाडीत पावसाळ्यात लाइट गेली की घरचा इन्व्हर्टर चालतो, पण ब्रॉडबँड बंद पडतं. फोनचा हॉटस्पॉट तीन-चार तास चालवला की फोन हातात धरवत नाही. लॅपटॉपच्या आतला मोडेम (सिमवरून नेट देणारं कार्ड) सिएरा वायरलेसचा ईएम७४५५, सिस्टीम डेबियन १२ हे लिनक्स.

पहिले दोन दिवस डोकं पिकलं. यूएसबीच्या यादीत मोडेम ११९९:९०७९ या आयडीने दिसत होता, मोडेममॅनेजर (लिनक्सवर मोडेम सांभाळणारा प्रोग्राम) सिम ओळखत होता, आयएमईआयसुद्धा दाखवत होता. पण चालू करायला गेलं की 'इन्व्हॅलिड ट्रान्झिशन' म्हणून नकार. पॉवर स्टेट कायम 'लो'. मी ड्रायव्हर शोधत बसलो, कर्नल बदलून पाहिला, सगळं फुकट.

खरं कारण होतं एफसीसी लॉक. एफसीसी म्हणजे अमेरिकेतली रेडिओला मान्यता देणारी सरकारी संस्था. अमेरिकेत रेडिओची मान्यता मोडेम, अँटेना आणि लॅपटॉप मिळून घेतात, म्हणून मोडेमचा रेडिओ कुलूप लावूनच येतो. दर वेळी चालू झाल्यावर सिस्टीमने ते उघडावं लागतं. मोडेममॅनेजर पूर्वी हे आपोआप करायचा, १.१८.४ या आवृत्तीपासून ते वापरणाऱ्यावर सोडलंय. किल्ली मात्र सोबतच मिळते. 'एफसीसी-अनलॉक.अव्हेलेबल.डी' या फोल्डरमध्ये मोडेमच्या आयडीच्याच नावाची स्क्रिप्ट असते. तिची सिमलिंक (शॉर्टकटसारखा दुवा) 'ईटीसी' या सेटिंग्जच्या फोल्डरमधल्या मोडेममॅनेजरच्या 'एफसीसी-अनलॉक.डी' फोल्डरमध्ये टाकली, स्क्रिप्टला लागणारं लिबक्यूएमआय-युटिल्स पॅकेज बसवलं, सर्व्हिस रीस्टार्ट केली. काही सेकंदांत 'रजिस्टर्ड' आलं! रात्री साडेअकराला एकटाच टाळ्या वाजवत होतो. एपीएन (सिम कंपनीच्या नेटची सेटिंग) वगैरे नेटवर्कमॅनेजरनेच भरला.

ज्यांनी यूएसबीत लावायच्या नेट-डोंगलचा काळ पाहिलाय त्यांना फरक लगेच कळेल. तेव्हा डोंगल लावला की आधी सीडी ड्राइव्ह म्हणून दिसायचा, आणि यूएसबी-मोडस्विचने त्याला मोडेम व्हायला लावावं लागायचं.

आता रोजचं. सिग्नलचे आकडे मोडेममॅनेजरच्या एमएमसीएलआय या कमांडमध्ये दर दहा सेकंदांनी बघता येतात, आणि ही सोय मला सगळ्यात आवडली. माजघरातल्या टेबलावर आरएसआरपी (सिग्नलची ताकद, शून्याच्या जितकी जवळ तितकी चांगली) उणे १०९, पडवीत खांबापाशी उणे ९६. जुलैपासून माझं टेबल पडवीतच आहे. सिमवर आलेले ओटीपीही लॅपटॉपवरच वाचतो. एक त्रास राहिलाय: झाकण मिटून उघडलं की आठवड्यातून एखाद-दोनदा मोडेम गायब होतो. सर्व्हिस रीस्टार्ट केली की येतो, म्हणून जागं होताना तेवढंच करणारी छोटी स्क्रिप्ट लावून ठेवलीय.

घेण्याआधी दोन गोष्टी बघाच. एक, मागचं कव्हर उघडून मोडेमच्या अँटेनाच्या वायरी आहेत का ते. सिमची खाच असलेल्या सगळ्याच मशीनमध्ये त्या ओढलेल्या नसतात. दुसरी, बँड, म्हणजे मोबाइल नेटवर्कचे फ्रिक्वेन्सीचे पट्टे. ईएम७४५५ मध्ये ३ आणि ५ आहेत, पण २३०० मेगाहर्ट्झचा बँड ४० नाही, आणि तो आपल्याकडे जिओ आणि एअरटेल दोघेही वापरतात. माझ्या वाडीत बँड ३ मिळतो म्हणून निभावलं. याच मालिकेतल्या ईएम७४३० मध्ये बँड ४० आहे. धाकट्या भावाच्या लॅपटॉपसाठी आता तोच शोधतोय, फक्त त्या लॅपटॉपचा बायोस (मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्राम) ते कार्ड स्वीकारतो का, ते आधी तपासून घेणार आहे.