दाखवला एक मिक्सर, बांधून दिला दुसरा

आमचे हौशी नाट्यमंडळ सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी सोळा वर्षांपासून नाटके करत आहे. स्पर्धेचा प्रयोग असला की नाट्यगृहाची ध्वनियंत्रणा मिळते; परंतु आमचे बहुतेक प्रयोग जत्रांमध्ये, शाळांच्या मैदानांवर आणि मंगल कार्यालयांत होतात आणि तेथे गावातील साऊंडवाल्यावर विसंबून राहावे लागते. त्याची सामग्री भाषणांसाठी आणि ऑर्केस्ट्रासाठी जुळवलेली असते, त्यामुळे हातातल्या माईकवर बोलणारा निवेदक उत्तम ऐकू येतो आणि रंगमंचाच्या मागच्या बाजूला हळू आवाजात बोलणारी नटी तिसऱ्या रांगेपलीकडे पोहोचत नाही. म्हणून २०२३ च्या पावसाळ्यात आम्ही वर्गणी काढून २२,००० रुपये जमवले आणि मंडळाचा स्वतःचा मिक्सर, म्हणजे अनेक माईकांचे आवाज एकत्र करून कमी-जास्त करणारे यंत्र, घ्यायचे ठरवले. मी मंडळाची खजिनदार आहे आणि प्रयोगात पार्श्वसंगीतही मीच सांभाळते, त्यामुळे खरेदी माझ्याकडे आली. जे घडले ते सविस्तर लिहिण्याचे कारण एवढेच की, आमच्यासारखी वर्गणीवर चालणारी अनेक मंडळे याच वाटेने खरेदी करतात.

आमची गरज नेमकी होती. रंगमंचाच्या पुढच्या कडेला जमिनीवर ठेवायचे तीन बाउंड्री माईक, वर टांगायचे दोन माईक आणि विंगेत पेटीसाठी एक, असे सहा माईक; शिवाय संगीतासाठी लॅपटॉप. येथे एक गोष्ट आधीच सांगते, कारण फसवणूक नसतानाही या आकड्यावरून माणूस फसतो. खोक्यावर लिहिलेली चॅनेलची, म्हणजे आवाज आत घेण्याच्या वाटांची, संख्या म्हणजे माईकची संख्या नव्हे. स्टिरिओ चॅनेल दोन म्हणून मोजला जातो. बेहरिंगरच्या झेनिक्स १२०२ मध्ये बारा इनपुट असले, तरी माईक चारच लागतात. यामाहाच्या एमजी १० मध्येही चारच आणि एमजी १२ मध्ये सहा. शिवाय पहिल्या दोन्ही मिक्सरवर चॅनेलचा आवाज कमी-जास्त करण्यासाठी गोल बटणे आहेत, सरकते फेडर नाहीत. नाटकात प्रसंग संपत असताना संगीत हळूहळू विरत न्यायचे असते. ते काम फेडरवर बोटाच्या अंदाजाने जमते, गोल बटणावर धक्के बसतात. त्यामुळे सहा माईक आणि फेडर या दोन अटींवर आम्ही अडून होतो.

पुण्यातील एका दुकानात आम्हाला हव्या त्या प्रकारचा, एका नामांकित कंपनीचा मिक्सर पाहायला मिळाला. विक्रेत्याने तो टेबलावर जोडूनच ठेवला होता. हातात धरायचा माईक लावून त्याने आवाज ऐकवला, इफेक्ट ऐकवले आणि किंमत १४,५०० रुपये सांगितली. बाहेर चौकशी केली तेव्हा त्याच मॉडेलची किंमत जवळपास दुप्पट निघाली होती. मी फरकाचे कारण विचारले. त्यावर, आपण थेट आयातदाराकडून माल उचलतो आणि बिल हवे असेल तर १८ टक्के जीएसटी धरून १७,११० रुपये होतील, असे उत्तर त्याने दिले. मंडळाचे २,६१० रुपये वाचतील आणि त्यात दोन लांब केबल येतील, असा हिशोब मी जागच्या जागी केला आणि कच्च्या बिलावर मान्यता दिली. रक्कम यूपीआयने देताना समोर दुकानाचे नाव न येता एका व्यक्तीचे नाव आले. तो आपला कामगार असल्याचे विक्रेत्याने सांगितले. टेबलावरचा नग नमुन्याचा आहे, तुम्हाला नवा देतो, असे म्हणून त्याने आतून चिकटपट्टी लावलेले खोके आणून दिले. गाडीची वेळ झाली होती. खोके न उघडता आम्ही स्वारगेटला आलो.

घरी आल्यावर खोके उघडले. रंग, मांडणी, नाव सगळे तेच होते. आमच्याकडील साधा डायनॅमिक माईक लावला, आवाज आला आणि आम्ही समाधानाने मिक्सर तालमीच्या खोलीत ठेवून दिला. चूक येथे पक्की झाली, कारण डायनॅमिक माईकला मिक्सरकडून विजेचा पुरवठा लागतच नाही. रंगमंचावरचे आमचे माईक कंडेन्सर जातीचे आहेत आणि त्यांना माईकच्या केबलमधूनच ४८ व्होल्टचा पुरवठा, म्हणजे फँटम पॉवर, द्यावी लागते. दुकानात आणि घरी आम्ही जी परीक्षा घेतली, तिच्यात हा भाग तपासलाच गेला नव्हता.

प्रयोगाच्या पाच दिवस आधी रंगीत तालीम होती. दुसऱ्या अंकात आई आणि मुलगी यांचा कुजबुजत चालणारा प्रसंग आहे आणि तो पूर्णपणे टांगलेल्या माईकवर अवलंबून आहे. फँटमचे बटण दाबले, लाल दिवा लागला, पण दोन्ही टांगलेले माईक मुके राहिले. जमिनीवरच्या तीन माईकांपैकी दोन तडतडत होते आणि एकच नीट चालत होता. तो चालल्यामुळे आमची आणखी दिशाभूल झाली. मिक्सर ठीक असून माईकच बिघडले, असे समजून आम्ही रात्री एकपर्यंत केबल बदलत बसलो. तो माईक १२ व्होल्टपासूनच्या पुरवठ्यावर चालणारा होता, हे नंतर त्याच्या माहितीपत्रकात वाचले.

दुसऱ्या दिवशी गावातील टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणाऱ्या काकांनी मल्टीमीटर लावला. ४८ व्होल्टच्या जागी १७ व्होल्ट मिळत होते. त्यांनी खालचे झाकण उघडले. आत ४८ व्होल्ट तयार करणारा भागच नव्हता. मिक्सरच्या इतर भागांना जाणारा पुरवठाच बटणामार्फत माईककडे वळवलेला होता. लाल दिवा मात्र व्यवस्थित जोडलेला होता. वीजपुरवठ्याची गुणगुण हेडफोनवर सतत ऐकू येत होती. एका सहकाऱ्याने दुकानात टेबलावरच्या मिक्सरच्या मागच्या बाजूचा फोटो काढला होता, तो शोधून आम्ही शेजारी ठेवला. त्या नगावरचा अनुक्रमांक पत्र्यावरच्या पट्टीत स्वच्छ छापलेला होता, आमच्यावर तिरका चिकटवलेला कागद होता. दाखवलेला मिक्सर खरा होता आणि दिलेला बनावट.

विक्रेत्याला फोन केला तेव्हा पहिल्या दिवशी त्याने आमचे माईक खराब असल्याचे सांगितले, दुसऱ्या दिवशी बदलून देण्याची सात दिवसांची मुदत संपल्याचे सांगितले आणि तिसऱ्या दिवशी, ‘हा माल आमच्याकडचा नाही, असल्यास बिल दाखवा,’ असे उत्तर दिले. आमच्याजवळ किंमत लिहिलेली, दुकानाचे नाव नसलेली चिठ्ठी होती. कंपनीच्या सेवा केंद्राकडे फोटो आणि अनुक्रमांक पाठवल्यावर हे आपले उत्पादन नसल्याचे त्यांनी ईमेलने कळवले. ते पत्र घेऊन आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदवली. पण दुकानदाराने विक्रीच नाकारली आणि पैसे तर एका खासगी खात्यात गेले होते. वस्तूसाठी दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीला शुल्क लागत नाही आणि घटनेपासून दोन वर्षांत तक्रार करता येते. आम्ही त्या वाटेचाही विचार केला, परंतु विक्री सिद्ध करणारा कागद नसताना ती लढाई मंडळाला झेपणार नव्हती. ज्यांच्याकडे पक्के बिल आहे त्यांनी मात्र ही वाट अवश्य धरावी.

दुसरा फटका वर्षअखेरीस बसला. आमचे मंडळ नोंदणीकृत असल्यामुळे हिशोबांचे लेखापरीक्षण होते आणि कच्च्या चिठ्ठीवरचा खर्च लेखापरीक्षकांनी मान्य केला नाही. ते १४,५०० रुपये मी स्वतः भरले. सभासदांनी मला दोष दिला नाही, पण ज्या आजोबांनी पेन्शनमधून ५०० रुपये दिले होते, त्यांना मिक्सर कुठे आहे हे सांगताना मला जे वाटले ते विसरता येत नाही.

आता खरेदीला जाताना आम्ही आमचा एक कंडेन्सर माईक, त्याची केबल, हेडफोन आणि दोनतीनशे रुपयांचा मल्टीमीटर बरोबर नेतो. जो नग घरी न्यायचा तोच दुकानात उघडून, जोडून पाहतो. यावर कुरकुर करणाऱ्या दुकानातून बाहेर पडतो. फँटम चालू करून, माईक न लावता, माईकच्या सॉकेटमधील १ आणि २ या टोकांत आणि मग १ आणि ३ या टोकांत डीसी व्होल्ट मोजायचे. दोन्हीकडे ४४ ते ५२ च्या दरम्यान आकडा यायला हवा. हे प्रत्येक माईक-चॅनेलवर करावे, एकावर नव्हे. मग सगळे गेन, म्हणजे माईकचा आवाज वाढवणारी बटणे, खाली ठेवून हेडफोनचा आवाज वाढवावा आणि गुणगुण ऐकावी. खोक्यावर आयातदाराचे नाव, पत्ता आणि कमाल किरकोळ किंमत छापलेली असणे आयात मालाला बंधनकारक आहे. आमच्या खोक्यावर यांपैकी काहीही नव्हते आणि हे पाहायला अर्धे मिनिट लागले असते. बिलावर मॉडेल आणि अनुक्रमांक लिहून घ्यावा आणि पैसे बिलावरच्या नावाच्याच खात्यात जावेत. किंमत बसत नसेल तर कमी माईकचा पण खरा मिक्सर घ्यावा. आम्ही शेवटी चार माईकचा घेतला आणि पेटीवाल्यांना नटांच्या अधिक जवळ बसवले. फेडरची अट सोडावी लागली, याचे मला अजून वाईट वाटते.

बनावट मिक्सर तालमीच्या खोलीतील कपाटात आहे. शेजारच्या गावातील एका मंडळाने तो ५,००० रुपयांना मागितला होता आणि पैशाची गरज आम्हालाही होती. सभेत त्यावर तासभर बोलणे झाले. मग त्याच्या वर पांढऱ्या रंगाने ‘बनावट, विकू नये’ असे लिहून, फँटमच्या बटणाची तार कापून आम्ही तो परत कपाटात ठेवला.