'द वाइल्ड रोबॉट' : काही महिने उशाशी राहिलेलं पुस्तक

पावसाळ्यात घेतलेलं पीटर ब्राउन यांचं हे पुस्तक (२०१६) दिवाळी उलटली तरी कपाटात गेलेलं नाही. लेक नऊ वर्षांची, इंग्रजी माध्यमाची. आधी मी वाचून दाखवलं, मग तिनं स्वतः, आणि आता मधूनच कुठूनही उघडून वाचणं चालू असतं.

गोष्ट अशी : वादळात जहाज बुडतं आणि रॉझ नावाची रोबॉट एका निर्मनुष्य बेटावर येऊन पडते. प्राण्यांचं ऐकून ऐकून ती त्यांची भाषा शिकते. काडीकिडा बघून अंगाला चिखल-पाला थापून लपायलाही शिकते. आमच्याकडे त्यानंतर बरेच दिवस जेवायला हाक मारली की पडद्यामागून "मी काडीकिडा आहे, दिसत नाहीये" असं उत्तर यायचं.

पण पुस्तक उशाशी राहिलं ते वेगळ्याच कारणानं. रॉझ कड्यावरून घसरते आणि नेमकी हंसांच्या घरट्यावर पडते. उरतं एकच अंडं. त्यातून निघालेल्या पिल्लाची मग तीच आई होते. "त्याच्या आईबाबांना हिनंच मारलं ना? मग ही आई कशी?" हा प्रश्न पहिल्याच रात्री आला. "मुद्दाम नाही मारलं गं," आजी म्हणाली. "मुद्दाम नसलं तरी मेलेच ना!" वाद अजून मिटलेला नाही, परवा घावन खाताना पुन्हा निघाला. लेखक मध्येच वाचकाशी थेट बोलतो, पण निवाडा देत बसत नाही, हे मला फार आवडलं. मुलांच्या पुस्तकांत तात्पर्याचा डोस इतका असतो की बस!

८० प्रकरणं आहेत, पण बरीचशी दोन-तीन पानांची, सोबत लेखकानंच काढलेली काळी-पांढरी चित्रं. झोपायच्या वेळेला अगदी सोयीचं. तोटा एवढाच की "अजून एकच" संपता संपत नाही. वाक्यं छोटी आहेत. मराठी माध्यमातल्या मुलाला शेजारी मोठं कुणी बसलं तर जमेल.

शेवटी रॉझला न्यायला दुसरे रोबॉट येतात, ती पळापळ मला कार्टूनसारखी वाटली. लेकीला तोच भाग सगळ्यात आवडतो, तेव्हा माझं मत बाजूला ठेवा. पेपरबॅकचं बाइंडिंग मात्र सैल झालंय, सेलोटेप लावलीय.

२०२४चा सिनेमा बघायचा असेल तर आधी पुस्तक वाचा. आणि दुसरा भाग, 'द वाइल्ड रोबॉट एस्केप्स', आधीच आणून ठेवा. पहिला भाग रॉझ बेट सोडून जाते तिथं संपतो, आणि रात्री साडेदहाला कुठलंही दुकान उघडं नसतं.